दिसेनासे होणे म्हणजे कुजणे नव्हे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर. ज्या गावांतून कोणी येऊ शकले नाही, तेथे चावडीवर वाचून दाखवावा.)



भावाचे आणि पीकविम्याचे बोलणे सकाळी झाले. आता भाकरीनंतर आम्ही असा विषय घेणार आहोत की काही जण म्हणतील, यांना दुसरे काही काम उरले नाही काय? विषय आहे प्लॅस्टिकचा. शहरातल्या गटारीतल्या नव्हे, आपल्या रानातल्या.

हा विषय घ्यायचे कारण सांगतो. पेरणीच्या आधी आम्ही काही जण एका गावी बसलो होतो. तेथे एक विक्रेता आला. एका हातात काळ्या मल्चिंग पेपरचे भेंडोळे, दुसऱ्या हातात बाटली. तो म्हणाला, "हा कागद उचलायची गरज नाही. पीक निघाले की रोटाव्हेटर फिरवा, जमिनीतच कुजून जाईल. लवकर कुजवायचा असेल तर ही बाटली सोडा. यात प्लॅस्टिक खाणारे जिवाणू आहेत." माणसे माना डोलवू लागली. मागे बसलेल्या एका माउलीने विचारले, "आणि नाही कुजला तर?"

विक्रेत्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याजवळही नव्हते. म्हणून आम्ही वाचले, विचारले, हिशेब मांडले. आज जे बोलणार आहोत ते त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आपल्या रानात प्लॅस्टिक आले कोठून?

कोरडवाहू शेतकरी म्हणेल, मल्चिंग पेपर हा बागायतदाराचा खेळ, आमचा काय संबंध? संबंध आहे. ज्याच्या विहिरीला थोडे पाणी आहे तो दोन एकरांत मिरची, कलिंगड करतो, खाली कागद अंथरतो. पुढच्या साली त्याच रानात कपाशी येते, ज्वारी येते. कागदाचे तुकडे तसेच राहतात. कागद कधीच न वापरलेल्या रानातही शेणखताच्या गाडीबरोबर उकिरड्यातल्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या येतात. बियाण्याची पाकिटे, खताच्या पोत्यांचे धागे, ठिबकच्या फुटक्या नळ्या येतात. वखराच्या पासेला काय गुंडाळते ते ज्याने वखर धरला त्याला विचारा. निंदताना हाताला काय लागते ते मायबहिणींना विचारा.

कापूसवाल्याला तर याचा दुहेरी फटका आहे. पोत्याचा धागा वेचणीत कापसात गेला की तो जिनिंगमध्ये रुईत मिसळतो आणि पुढे कापडात जातो. त्या धाग्याला रंग चढत नाही. कापड रंगवले की तो पांढरा उठून दिसतो आणि गिरणीवाला रुईच्या नावाने बोटे मोडतो. कापसातली ही भेसळ कमी करणे हा 2000 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाचा एक हेतू होता.

आता वजनाचा हिशेब करू. 5 फुटांवर बेड धरले तर एकरात सुमारे 2700 मीटर लांबीचा कागद लागतो. पन्हा 4 फुटी आणि जाडी 25 मायक्रॉन असेल तर त्याचे वजन 75 किलोच्या आसपास भरते. त्यातला दहावा हिस्सा जमिनीत राहिला तर एका हंगामात साडेसात किलो झाले. साडेसात किलो म्हणजे काही फार नाही असे वाटते. पण तो कागद किती पातळ असतो ते आठवा. त्याचा एक चौरस मीटर जेमतेम 23 ग्रॅम भरतो. साडेसात किलोत तीनशे चौरस मीटरांहून जास्त कागद झाला, म्हणजे तीन गुंठे जमीन झाकेल इतका. हे दर साली जमिनीत जाते आणि कधीच बाहेर येत नाही.

कापूस पिकवणाऱ्या दुसऱ्या मुलखाचा धडा

हे पुढे कोठवर जाते ते पाहायचे असेल तर चीनच्या शिंजियांग प्रांताकडे पाहावे. तोही कापसाचा मुलूख आहे, आपल्यापेक्षा कोरडा आणि वसंतात थंड. चीनमध्ये 1978 साली जपानकडून प्लॅस्टिक आच्छादनाचे तंत्र आले. कागदाने जमीन ऊब धरू लागली, पाणी वाचले, उत्पन्न वाढले. लोकांनी त्याला 'पांढरी क्रांती' म्हटले. आम्ही त्या शेतकऱ्यांना दोष देणार नाही. उत्पन्न वाढत असेल तर शेतकरी तंत्रज्ञान घेणारच आणि त्याने ते घ्यावेच.

पण कागद स्वस्त पडावा म्हणून तो पातळ केला गेला, 8 मायक्रॉनपर्यंत. असा कागद हंगामाअखेर उचलायला गेले की हातात चिंध्या येतात. उरलेला जमिनीत जातो. वर्षानुवर्षे असे चालले. तेथल्या संशोधकांनी 2014 साली लिहिले की आच्छादनाच्या रानांत वरच्या थरात हेक्टरी 50 ते 260 किलो प्लॅस्टिक साचले आहे. मुळे आडवी होतात, पाणी नीट मुरत नाही, यंत्राने वेचलेल्या कापसात कागदाचे तुकडे येतात. 'पांढऱ्या क्रांती'चे 'पांढरे प्रदूषण' झाले. शेवटी 2018 च्या मे महिन्यापासून चीनने 10 मायक्रॉनपेक्षा पातळ कागदाला बंदी घालणारे मानक लागू केले. तोवर चाळीस वर्षे गेली होती. आपले पाणी अजून नाकाशी आलेले नाही, म्हणून आज बोलायचे.

प्लॅस्टिकच्या तीन जाती

मग विक्रेत्याचा 'कुजणारा' कागद हा उपाय नाही का? असू शकतो. कुजणारे प्लॅस्टिक ही थाप नाही. पण बाजारात तीन जाती आहेत आणि तिन्ही दिसायला सारख्याच.

पहिली जात साध्या पॉलिथिनची. त्याच्या कणांची साखळी अशी पक्की की जमिनीतल्या जिवाणूला त्यात सुरा घालायला फटच सापडत नाही. हा कागद उन्हाने फुटतो, तुकडे होतात, तुकड्यांची भुकटी होते, पण भुकटी पॉलिथिनचीच राहते.

दुसरी जात नकली. पॉलिथिनच, फक्त त्यात धातूचे क्षार घातलेले, म्हणजे ऊन लागले की लवकर फुटते. त्याला 'ऑक्सो' म्हणतात. शेतकऱ्याला वाटते कागद गेला. गेला कोठेच नाही, डोळ्यांना दिसेनासा झाला. युरोपीय संघाने 2019 साली कायदा करून 3 जुलै 2021 पासून असले प्लॅस्टिक बाजारात आणायला बंदी घातली. आपण ते मोफत दिले तरी रानात घेऊ नये.

तिसरी जात खऱ्या कुजणाऱ्यांची. यांच्या साखळीत ठरावीक अंतरावर कच्च्या कड्या असतात. तेथे पाणी आणि जिवाणूंचे पाचक रस घाव घालू शकतात. पण या जातीतही पोटजाती आहेत. मक्यापासून, उसापासून केलेले पॉलिलॅक्टिक नावाचे प्लॅस्टिक 60 अंशांच्या आसपास तापणाऱ्या मोठ्या खतकारखान्यात छान कुजते. साध्या जमिनीत ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. आपली जमीन उन्हाळ्यात वरून तापते, पण तेव्हा तिच्यात ओल नसते. म्हणून 'मक्यापासून बनले' म्हणजे 'रानात कुजेल' असे नाही. जमिनीत कुजण्यासाठी जे कागद करतात त्यांत पीबॅट नावाचे प्लॅस्टिक बहुधा असते, कधी स्टार्चबरोबर, कधी दुसऱ्या कशाबरोबर. पीबॅट खनिज तेलापासून होते. ते जमिनीत कुजू शकते. सांगायचा मुद्दा असा की माल कशापासून केला यावर कुजणे ठरत नाही, साखळी कशी जोडली यावर ठरते.

कुजवतो कोण?

कुजवणारे बाहेरून आणावे लागत नाहीत. ते आपल्या जमिनीत आहेत.

जिवाणू आणि प्लॅस्टिक यांचे नाते जुने आहे. 1926 साली मॉरिस लेमोइन या फ्रेंच शास्त्रज्ञाला जमिनीतल्या एका जिवाणूच्या पोटात चरबीसारखे गोळे सापडले. ते गोळे म्हणजे एक प्लॅस्टिकच होते. बैल दिवाळीला अंग धरतो आणि उन्हाळ्यात त्यावर जगतो, तसे हे जिवाणू सुकाळात साठा करतात आणि दुष्काळात खातात. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणूही असा साठा करतात. एकाने साठवलेले दुसरा खाणारच. म्हणून हे खाणारेही जमिनीत आहेत.

दुसरे नाते पानाचे. झाडाच्या पानावर जो मेणचट थर असतो त्याची साखळीही कच्च्या कड्यांची असते. पान गळून जमिनीवर पडले की बुरशी पाचक रस सोडून तो थर चिरते. तोच रस पीबॅटसारख्या प्लॅस्टिकच्या कड्याही चिरतो. बुरशीला पान आणि कागद यांत फरक कळत नाही, तिला कडी कळते.

पण चिरणे म्हणजे पचवणे नव्हे. कागद खरोखर पोटात जातो हे कसे ओळखायचे? 2018 साली स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी युक्ती केली. बाजारात गुरे ओळखू यावीत म्हणून आपण डाग देतो, तसा त्यांनी पीबॅटच्या कर्बाला डाग दिला, म्हणजे किंचित जड जातीचा कर्ब वापरून ते प्लॅस्टिक बनवले. मग ते मातीत ठेवले. सहा आठवड्यांत डागाचा कर्ब हवेत निघणाऱ्या कर्बवायूत सापडला आणि कागदावर वाढलेल्या बुरशीच्या अंगातही सापडला. म्हणजे कागद नुसता फाटला नव्हता, जिवाणूंनी आणि बुरशीने तो खाल्ला होता. तोपर्यंत सगळा खाऊन झाला नव्हता, हेही लक्षात ठेवा.

कुजण्याची खरी व्याख्या हीच. कागदाचा कर्ब थोडा हवेत जाईल, थोडा जिवाणूंच्या अंगात जाईल, आणि प्लॅस्टिक म्हणून काही उरणार नाही. आपल्या सरकारनेही प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत 2024 साली जी दुरुस्ती केली तिच्यात हेच तत्त्व आहे: ज्याला जैवविघटनशील म्हणायचे त्याने मागे प्लॅस्टिकचे बारीक कण ठेवता कामा नये.

24 महिने कोणाचे?

येथे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा खरा प्रश्न सुरू होतो.

जमिनीत कुजणाऱ्या मल्चिंग कागदासाठी युरोपने 2018 साली मानक केले. त्याची मुख्य अट अशी की 24 महिन्यांत कागदाचा 90 टक्के कर्ब कर्बवायू होऊन निघाला पाहिजे. अट कडक आहे, चांगली आहे. पण ही परीक्षा बंद बरणीत होते. तेथे माती 20 ते 28 अंशांवर ठेवतात आणि ओल कधी तुटू देत नाहीत. म्हणजे 24 महिने सतत वापसा!

आपल्या जमिनीला वापसा असतो किती दिवस? मृगापासून धरले तर पाच महिने, पाऊस नीट झाला तर. दिवाळीनंतर ज्वारी ओलीवर उभी राहते, पण वरचा थर सुकत जातो. शिमग्यानंतर काळी जमीन भेगाळते. त्या कोरड्यात जिवाणू मरतात किंवा झोपी जातात. ओलीचाच हिशेब धरला तर बरणीतले 24 महिने म्हणजे आपले चार ते पाच पावसाळे. आपल्याकडे ऊब जास्त असल्याने ओल असेल तेव्हा काम थोडे वेगाने होईल, हेही खरे. हा आमचा ढोबळ अंदाज आहे, प्रयोगाचा निकाल नाही. पण तो मांडल्यावर विक्रेत्याला कोणता प्रश्न विचारायचा ते कळते: तुमचा दाखला कोणत्या मातीचा, किती ओलीचा?

दर साली नवा कागद पुरला आणि जुना कुजायला चार साले लागली तर कुजणारा कागदही जमिनीत साचतो. शिवाय काळ्या रानाची भेग दोन-दोन हात खोल जाते. तुकडा भेगेत पडला की तो खाली गेला. तेथे हवा कमी, जिवाणू कमी. तेथला हिशेब बरणीत होत नाही.

अर्धवट कुजलेल्या तुकड्यांनी पिकाला काही होते का? हॉलंडच्या वाखेनिंगेन येथे 2018 साली रेताड मातीत गव्हावर प्रयोग झाला. मातीत वजनाच्या 1 टक्का प्लॅस्टिकचे तुकडे मिसळले. गव्हाची वाढ घटली आणि कुजणाऱ्या कागदाच्या तुकड्यांनी पॉलिथिनपेक्षा जास्त घटली. गांडुळे असलेल्या कुंड्यांत गहू बराच सावरला. हा प्रयोग दाखवून कोणी घाबरवले तर त्यालाही हिशेब विचारा. एकराच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थरात सुमारे 8 लाख किलो माती असते. तिचा 1 टक्का म्हणजे 8000 किलो. एका हंगामाचा कुजणारा कागद साधारण 60 किलो. तो डोस आपल्यापेक्षा शंभरपट मोठा होता. घाबरवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे, दोघांचेही आकडे आपण आपल्या तराजूवर घालावेत.

बाटलीचे काय?

आता बाटलीकडे येऊ. प्लॅस्टिक खाणाऱ्या जिवाणूंच्या बातम्या तुम्ही ऐकल्या असतील. 2016 साली जपानच्या साकाई शहरात पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक खाणारा जिवाणू सापडला. बातमी खरी आहे. पण तो पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक खातो, मल्चिंगचे पॉलिथिन नव्हे. 2017 साली स्पेनमध्ये मधाच्या पोळ्यातल्या मेणकिड्याची अळी पॉलिथिनच्या पिशवीला भोके पाडते असे दिसले. तेही खरे. पण म्हणून कोणी रानात मेणकिडे सोडत नाही.

रानात उपयोगी पडेल असे काम जपानच्याच त्सुकुबा येथे झाले. तेथल्या शास्त्रज्ञांना भाताच्या पानांवर राहणारी एक यीस्ट सापडली. तिचा पाचक रस कुजणाऱ्या कागदाला चिरतो, असे त्यांनी 2011 साली मांडले. पुढे त्यांनी पीक निघाल्यावर बेडवरच्या कागदावर तो रस फवारला. दुसऱ्याच दिवशी कागदाची ताकद गेली आणि नांगरल्यावर जमिनीत सापडणारे तुकडे कमी झाले. हा निकाल 2023 साली छापून आला. येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. कागद मुळात कुजणारा होता. आणि फवारला तो रस होता, जिवाणू नव्हते.

जिवाणूंची बाटली ही वेगळी गोष्ट आहे. रायझोबियमचे पाकीट उन्हात राहिले तर आत काय उरते हे तुम्ही जाणता. तरी रायझोबियमला मुळाच्या गाठीत घर मिळते. बाटलीतून सोडलेल्या परक्या जिवाणूला रानात ना घर, ना ओल. जमिनीतले लाखो जुने भाऊबंद त्याचा घास हिसकावतात. घरातली कोणतीही बाई सांगेल, विरजण लावायला दूध लागते. पाण्याला विरजण लावून दही होत नाही. पॉलिथिन हे पाणी आहे, त्याला कसलेही विरजण लावा. कुजणारा कागद हे दूध आहे, पण त्याचे विरजण आपल्या जमिनीत आधीच आहे. फक्त ते गारठून मरू नये, सुकून मरू नये इतके पाहावे लागते.

आणखी एक सावधगिरी. प्लॅस्टिक चिरणाऱ्या बुरशींत फ्युजेरियम या कुळातल्या काही बुरशी आहेत. याच कुळातल्या बुरशी कपाशीला आणि तुरीला मर रोग आणतात. म्हणून प्रयोगाच्या हौसेने कोठली तरी बुरशी वाढवून रानात सोडू नये. पाव्हणा म्हणून आणलेला दरोडेखोर निघायचा.

जमिनीतल्या जिवाणूंना काय हवे?

त्यांना ओल हवी, हवा हवी आणि नेहमीचे अन्न हवे. कागद हा त्यांचा जेवणातला एक घास, पोटभर भाकरी नव्हे. प्लॅस्टिकमध्ये कर्ब असतो, पण पीबॅटमध्ये नत्र अजिबात नसते. ज्वारीची धसकटे ओली गाडली की पुढचे पीक पिवळे पडते हे तुम्ही पाहिले आहे. कुजवणारे जिवाणू आधी आपले नत्र उचलतात. कागदाचे तसेच, फक्त त्याचे वजन थोडे असल्याने पिकाला जाणवणार नाही. पण ज्या जमिनीत शेणखत नाही, पऱ्हाटी दर साली धुऱ्यावर जाळली जाते, तेथे कुजवणारेच उपाशी. तेथे कागद काय, धसकटेसुद्धा वेळेवर कुजत नाहीत.

म्हणून जे आपण जमिनीसाठी करायचेच आहे तेच येथेही कामाचे आहे. पऱ्हाटी जाळू नये, बारीक करून कुजवावी. शेणखत कुजलेले आणि प्लॅस्टिक वेचलेले घालावे. पाणी मुरवावे. कुजणारा कागद गाडायचाच असेल तर तो ओल असताना, वरच्या चार-सहा बोटांत गाडावा. उन्हाळी नांगरटीत खोल घालू नये.

मृगाला पुरा, पोळ्याला उकरा

आता परीक्षा आपल्या हाताने करू. ऑस्ट्रेलियात कापूस शेतकऱ्यांनी 2018 च्या सुमारास जमिनीचा जिवंतपणा पाहण्यासाठी सुती चड्ड्या रानात पुरल्या. काही आठवड्यांनी उकरल्या. जिवंत जमिनीत फक्त कमरेचे इलॅस्टिक उरले. हसू नका, ही परीक्षा बिनखर्चाची आणि सरळ आहे. कापूस आपणच पिकवतो, चिंधी घरात आहे.

प्रत्येक गावात तीन रानांत हे करावे. वीतभर लांबीच्या तीन पट्ट्या घ्या: एक कोऱ्या सुती कापडाची, एक साध्या मल्चिंग पेपरची, एक विक्रेत्याच्या कुजणाऱ्या कागदाची. सोनाराच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. प्रत्येक पट्टी नायलॉनच्या मच्छरदाणीच्या पिशवीत घाला. नायलॉन कुजत नाही, पट्टी हरवत नाही. असे चार संच करा आणि येत्या मृगाला चार बोटे खोल पुरून खुंटी ठोका. एक संच पोळ्याला उकरा, दुसरा दिवाळीला, तिसरा संक्रांतीला, चौथा पुढच्या रोहिणीत. धुऊन, वाळवून वजन करा. जमले तर एक जागा शेणखत घातलेली आणि एक न घातलेली धरा.

सुती कापडही कुजले नाही तर दोष कागदाचा नाही, आपल्या जमिनीत जीव कमी आहे. कापड कुजले आणि कागद जसाच्या तसा राहिला तर त्या कागदाला आपल्या रानात जागा नाही. कागदही गेला तर? तर आशा आहे, इतकेच. कारण दिसेनासे होणे म्हणजे कुजणे नव्हे. पिशवीच्या जाळीतून भुकटी निसटू शकते. कर्बवायू मोजून शेवटचा निकाल देणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. ते अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांकडून, नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेकडून मागून घेणे हे आपले काम आहे. आपल्या काळ्या मातीत, पावसाच्या ओलीवर, निदान तीन सालांचा प्रयोग हवा. झाला असेल तर निकाल मराठीत जिल्ह्यात मांडा. नसेल तर करा.

ठराव

तंत्रज्ञानाला आम्ही विरोध करत नाही. चांगला कुजणारा कागद आला तर उचलायची मजुरी वाचेल, वेचणाऱ्या मायबहिणींची पाठ वाचेल. पण तो महाग आहे, आणि फसला तर किंमत जमिनीला मोजावी लागेल. पीक बुडाले तर पुढचे साल असते. जमिनीत मिसळलेले प्लॅस्टिक चाळणीने काढता येत नाही. म्हणून सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर, आपल्यावर नाही. या बैठकीपुढे आम्ही पाच गोष्टी ठेवतो.

एक, साधा मल्चिंग पेपर 25 मायक्रॉनपेक्षा पातळ घ्यायचा नाही. पीक निघताच, रोटाव्हेटर फिरवण्याआधी तो पूर्ण उचलायचा. गाडायचा नाही, धुऱ्यावर जाळायचा नाही.

दोन, ज्या कागदावर 'जमिनीत कुजणारा' असा प्रमाणित दाखला नाही तो कुजणारा मानायचा नाही. 'ऑक्सो' तर दारातूनच परत.

तीन, दाखला असला तरी पहिल्या साली दहा गुंठ्यांपेक्षा जास्त नाही. त्याच जागी पुढच्या साली पुन्हा नाही, आधीचा गेला का ते पाहून मगच.

चार, प्लॅस्टिक खाणाऱ्या जिवाणूंची बाटली कोणी विकायला आणली तर नाव, परवाना आणि आपल्या मातीतला निकाल लेखी मागायचा. लेखी नाही तर व्यवहार नाही.

पाच, प्रत्येक गावाने मृगाला पट्ट्या पुरायच्या आणि चारही वेळची वजने वहीत लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला आणायची. वही मायबहिणींनी ठेवावी. निंदताना तुकडे त्यांच्याच हाताला लागतात, हिशेबही त्यांच्याच हाती असावा.

त्या माउलीने एवढेच विचारले होते, "आणि नाही कुजला तर?" हा प्रश्न प्रत्येक गावाने प्रत्येक विक्रेत्याला विचारावा. उत्तर देता आले तर त्याला गूळपाणी द्यावे आणि कागदाचा भाव विचारावा. नाही आले तर भेंडोळे त्याच्या गाडीवर परत चढवायला हात लावावा.

हात वर करून ठरावाला संमती द्यावी.